कासान आणि केसीसान: साउंड ड्रायव्हरवर सहा महिने वापरल्यानंतरचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी केलेलं एक मशीन बसवलंय. काम म्हणाल तर सोपं, बिडाचा नग ठोकायचा, त्याचा आवाज माईकनं धरायचा आणि तो खणखणीत वाजतोय का बद्द वाजतोय ते सांगायचं. फेटलिंगमधली (ओतलेला नग घासून साफ करायचा विभाग) जुनी माणसं हे काम हातोडीनं आणि कानानं करत आलीत, नगाला तडा असला किंवा आतल्या ग्रॅफाईटच्या गोळ्या नीट बनल्या नसल्या की आवाजाची पट्टी खाली उतरते, तेवढंच आपण संगणकाला शिकवायचं. माईकचा बोर्ड यूएसबीवर चालतो पण तो स्टँडर्ड यूएसबी ऑडिओ क्लासमधला नाही, त्यामुळं लिनक्ससाठी त्याचा अल्सा (लिनक्समधली आवाजाची यंत्रणा) ड्रायव्हर मीच लिहिला, ९६ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, दर १० मिलिसेकंदाला एक पिरियड (आवाजाचा एक तुकडा) म्हणजे ९६० फ्रेम, प्रत्येक नमुना ४ बाइटचा धरून बाइटमध्ये ७६८०. हा ७६८० आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मशीन दोन-तीन दिवसांनी एकदा मान टाकायचं. आणि दर वेळी वेगळ्या जागी. एकदा क्रॅशच्या लॉगमध्ये फाईल सिस्टिमचं नाव, एकदा नेटवर्कचं, एकदा तर ज्याचा आवाजाशी काडीचा संबंध नाही असल्या प्रोसेसचं. फाउंड्रीत शेजारीच इंडक्शन भट्टी असल्यानं सगळे म्हणले भट्टीमुळं होतंय, सप्लाय घाण आहे. मलाही पटलं. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, यूपीएस लावला, अर्थिंग नवीन मारून घेतलं, केबलला फेराइटचे मणी घातले, आणि या सगळ्यात दीड महिना गेला आणि क्रॅश आपला तसाच. ड्रायव्हरमध्ये जागोजागी प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापायची सूचना) टाकून बघितले तर क्रॅशच गायब, प्रिंटके काढले की परत हजर. खरं तर इथंच मला कळायला पाहिजे होतं, कारण प्रिंटकेनं भट्टीचा सप्लाय सुधारत नसतो, प्रिंटकेनं फक्त वेळ बदलते, आणि वेळ बदलल्यावर जी चूक लपते ती हार्डवेअरची कमी आणि रेसची (दोन कामं एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावायची चूक) जास्त असते.

तर ज्यांनी मला यातून बाहेर काढलं त्या कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि केसीसान (रेस पकडणारं) या दोन हत्यारांबद्दल (आणि तिसऱ्या केफेन्सबद्दल) सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण मराठीत यावर वाचायला मला काहीच मिळालं नव्हतं आणि आपल्याकडं ड्रायव्हर लिहिणारी पोरं आता बरीच आहेत. तिन्ही फुकट आहेत, लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सचा गाभा) आहेत, वेगळं काही विकत घ्यायचं नाही, फक्त कॉन्फिगमध्ये चालू करून कर्नल परत बिल्ड करायचा.

आधी कासान. मूळ काम आंद्रे र्‍याबिनिन यांचं, २०१५ साली लिनक्स ४.० मध्ये आलं. कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे रिपोर्ट वाचताना घाबरायला होत नाही. मेमरीच्या दर ८ बाइटमागं कासान १ बाइट स्वतःच्या वहीत ठेवतो, या ८ बाइटला हात लावायला परवानगी आहे का नाही एवढीच नोंद. कंपायलर तुमच्या कोडमधल्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी ही वही बघायचा तपास घुसवतो. एखादी मेमरी केफ्री केली (म्हणजे सोडून दिली) की कासान वहीत ती बंद म्हणून लिहितो आणि ती लगेच दुसऱ्याला वापरायला देत नाही, काही काळ क्वारंटाइनमध्ये बाजूला ठेवतो. हे क्वारंटाइनच सगळ्यात भारी आहे. कारण साध्या कर्नलमध्ये तुम्ही सोडलेली मेमरी क्षणात दुसऱ्या कुणाची तरी होते, मग तुम्ही चुकून तिथं लिहिलं तर नुकसान त्याचं होतं आणि क्रॅशवर नावही त्याचंच लागतं. माझं नेमकं हेच चाललेलं.

उद्यमनगरात एका ओळखीच्याच्या गाळ्यात मी टेस्टची मांडणी केली, सोलेनॉइडची एक छोटी हातोडी, ती दर सेकंदाला एका नगावर ठोका मारणार, आणि एक स्क्रिप्ट जी रेकॉर्डिंग चालू-बंद, चालू-बंद करत राहणार. (घरी राजारामपुरीत लावलं असतं तर रात्रभर ठकठक ऐकून शेजारी वर आले असते.) साध्या कर्नलवर हीच स्क्रिप्ट कधी सहा तास चालायची, कधी दोन दिवस. कासानच्या कर्नलवर अकराव्या मिनिटाला रिपोर्ट. स्लॅब यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीला हात, लिहिण्याची लांबी ७६८० बाइट, आणि खाली तीन स्टॅक (कुठल्या फंक्शननं कुठल्याला बोलावलं त्याची यादी) ओळीनं: आत्ता कोण लिहितंय, ही मेमरी मुळात कुणी घेतलेली, आणि ती कुणी सोडली. लिहिणारा माझा यूआरबी (यूएसबीवरची डेटाची एक मागणी) पूर्ण झाल्यावर चालणारा कंप्लिशन हँडलर, घेणारं माझं एचडब्ल्यू पॅराम्स (रेकॉर्डिंगची तयारी करणारं फंक्शन), सोडणारं माझंच एचडब्ल्यू फ्री (आवराआवर करणारं). तिन्ही नावं माझ्या फाईलमधली. दीड महिना मी भट्टीला नावं ठेवत होतो.

झालेलं असं. अल्सामध्ये रेकॉर्डिंग थांबवायचं असलं की ट्रिगर कॉलबॅकला (अल्सा बोलावते ते ड्रायव्हरचं फंक्शन) स्टॉप येतो, आणि हा कॉलबॅक नेहमीच्या मोडमध्ये स्पिनलॉक (एक प्रकारचं कुलूप) धरलेला असताना येतो, तिथं झोपायची (थांबून वाट बघायची) परवानगी नाही. त्यामुळं तिथं किल यूआरबी बोलवता येत नाही कारण तो हँडलर संपेपर्यंत वाट बघतो, तिथं अनलिंक यूआरबीच बोलवावा लागतो, जो फक्त रद्द करायला सांगून लगेच परत येतो. इथपर्यंत मी बरोबर होतो. पण त्यानंतर एचडब्ल्यू फ्री आला की मी बफर सरळ केफ्री करत होतो, यूआरबी खरंच संपला का हे न बघता. दुसऱ्या सीपीयूवर हँडलर अजून आवाज कॉपी करतोय आणि इकडं मी त्याच्या खालची मेमरी काढून घेतली. म्हणजे बिडाच्या नगाचा आवाज, ७६८० बाइट, फाईल सिस्टिमच्या नाहीतर नेटवर्कच्या मेमरीवर लिहिला जात होता, आणि ती बिचारी पाच-दहा मिनिटांनी आपलं काहीतरी वाचायला गेली की क्रॅश. दर वेळी वेगळं नाव का यायचं ते त्या रात्री कळलं. आणि प्रिंटके टाकल्यावर का गायब व्हायचं तेही, प्रिंटके एचडब्ल्यू फ्रीच्या वाटेवर होता, त्याला लागणाऱ्या वेळात हँडलरचं काम उरकून जायचं.

इलाज अल्सातच तयार होता. लिनक्स ५.५ पासून सिंक स्टॉप नावाचा कॉलबॅक आहे, तो स्टॉपनंतर पुढच्या प्रिपेअर, एचडब्ल्यू पॅराम्स किंवा एचडब्ल्यू फ्रीच्या आधी बोलावला जातो आणि तिथं झोपायला चालतं, म्हणून किल यूआरबी तिथं टाकायचा. चार ओळी. मी जुन्या पद्धतीनं लिहीत होतो म्हणून मला तो माहीतच नव्हता.

आणि हे फक्त माझ्यासारख्या एकट्या माणसाच्या ड्रायव्हरमध्ये घडतं असं नाही. २०२२ मध्ये अल्साच्या कोअरमध्येच याच घराण्यातली चूक सापडली, सीव्हीई-२०२२-१०४८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकीचा नंबर), एका थ्रेडनं एचडब्ल्यू पॅराम्स आणि दुसऱ्यानं एचडब्ल्यू फ्री एकाच वेळी मारलं की बफर पायाखालून जायचा, मग ताकाशी इवाई यांनी रनटाइममध्ये वेगळा बफर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घालून ते बंद केलं. त्याआधी २०१६ मध्ये यूएसबी मिडीच्या कोडमध्ये डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं) सापडलेला, सीव्हीई-२०१६-२३८४, तो आंद्रे कोनोवालोव्ह यांनी शोधला तेव्हा कासानच चालू होतं. आणि यूएसबी ऑडिओच्या ड्रायव्हरमधली सीव्हीई-२०२४-५३१९७, तिथं एक्स्टिजी आणि एमबॉक्स या जुन्या साउंड कार्डांसाठी लिहिलेला कोड डिव्हाइसनं सांगितलेल्या कॉन्फिगरेशनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, खोटं डिव्हाइस जोडून मोठा आकडा सांगितला की मेमरीच्या हद्दीबाहेर वाचणं-लिहिणं चालू. ही चूक वापरून सर्बियात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा अँड्रॉइड फोन उघडला गेला, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं ते उघडकीला आणलं. आवाजाच्या ड्रायव्हरला कोण हात लावतंय असं वाटतं ना, पण यूएसबीला काहीही जोडता येतं आणि जोडल्या जोडल्या ड्रायव्हर जागा होतो.

कासानच्या उणिवा सांगायला पाहिजेत. मेमरी खातो, एकूण रॅमचा आठवा भाग वहीला आणि बत्तीसाव्या भागापर्यंत क्वारंटाइनला, म्हणजे माझ्या ८ जीबीच्या टेस्ट मशीनमध्ये १ जीबी सरळ गेला आणि वर पाव जीबीपर्यंत क्वारंटाइन. स्पीड तर चांगलाच उतरतो, १० मिलिसेकंदाच्या पिरियडला ओव्हररन (आवाज वेळेत न उचलल्यानं हरवणं) यायला लागले, मला टेस्टपुरता पिरियड ४० करावा लागला. दुसरं, डिफॉल्टमध्ये तो फक्त पहिली चूक सांगतो आणि गप्प बसतो, कारण एकदा मेमरी बिघडल्यावर पुढच्या रिपोर्टवर भरवसा कमीच, पण हे माहीत नसल्यानं मी एक दिवस समजत होतो की ड्रायव्हरमध्ये एकच चूक उरलीय. कासान मल्टी शॉट हा बूट पॅरामीटर दिला की सगळे येतात. तिसरं आणि महत्त्वाचं, कासान मेमरीला चुकीचा हात लागल्याशिवाय बोलत नाही. दोन सीपीयू एकमेकांच्या वाटेत येतायत पण मेमरी दोघांच्याही हक्काची आहे, अशा वेळी कासानच्या हिशेबानं सगळं आलबेल.

आणि माझी दुसरी चूक अगदी तसलीच निघाली.

क्रॅश थांबले, मशीन दोन आठवडे न अडखळता चाललं, मी खूश. मग फेटलिंगच्या मामांनी निरोप धाडला. मामा तिथं तीस वर्षं नग वाजवतायत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. गेलो तर त्यांनी एक नग बाजूला काढून ठेवलेला, मशीननं रिजेक्ट केलेला. हातोडी मारली, खण्ण आवाज, सहा-सात सेकंद घुमला. म्हणले, "ह्यो नग चांगलाय पोरा. तुझं मशीन ह्याच्या आदुगरच्या नगाचा आवाज सांगायलंय. आदुगरचा फुटका हुता, म्या बघितलाय." मी म्हणलं मामा असं कसं होईल, दोन ठोक्यांत चार सेकंद असतात. पण मामांनी खडूनं नंबर घालून ठेवलेले, एका पाळीत असे तीन नग. आणि मग माझ्या पोटात गोळाच आला, कारण चांगल्यावर फुटक्याचा निकाल लागत असेल तर फुटक्यावर चांगल्याचा पण लागत असणार, आणि तो नग गाडीत जाऊन बसणार.

इथं केसीसान. मार्को एल्व्हर यांचं काम, २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये आलं. याची पद्धत मला फार आवडली, आपल्याकडं नाक्यावर गाडी थांबवून तपासतात तसं आहे. सगळ्या मेमरी अ‍ॅक्सेसवर नजर ठेवत नाही, साधारण चार हजारांत एखादा निवडतो, त्या पत्त्यावर पहारा बसवतो आणि त्या कोडला मुद्दाम थोडा वेळ रोखून धरतो, साध्या टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंद, इंटरप्टमध्ये २०. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूनं त्याच पत्त्याला हात लावला की दोघंही पकडले. शिवाय थांबायच्या आधी आणि नंतर किंमत बदलली का तेही बघतो. कासान आणि केसीसान एका कर्नलमध्ये एकत्र चालत नाहीत, दोन वेगळे कर्नल बिल्ड करावे लागतात, आणि कंपायलर नवा पाहिजे, जीसीसी किंवा क्लँग दोन्हीला ११ किंवा त्याच्या पुढचा.

सबुरी पाहिजे याच्यासोबत. पहिल्या तासात डझनभर रिपोर्ट आले, एकही माझा नाही, सगळे कर्नलच्या इतर भागातले, त्यातले बरेच निरुपद्रवी, एखाद्या काउंटरला बिनलॉक हात लावलेला वगैरे. नवीन माणूस इथंच कंटाळून सोडून देईल. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासाच्या फाईलींची जागा) केसीसानच्या फाईलमध्ये आपल्या फंक्शनची नावं घालून व्हाइटलिस्ट केली की फक्त तेवढेच रिपोर्ट दिसतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्ही पहिल्याच दिवशी करा. स्पीडबद्दल कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की डिफॉल्ट सेटिंगला कर्नल बूट व्हायला पाच पट मंद, आणि तेवढं जाणवतं.

रात्री साडेदहाला हातोडी चालू करून गाळा बंद केला, सकाळी सातला उघडला तर लॉगमध्ये माझ्या नावाचे दोन रिपोर्ट. डेटा रेस, लिहिणारा इंटरप्टमधला कंप्लिशन हँडलर सीपीयू १ वर, वाचणारा टास्क सीपीयू ३ वर, म्हणजे माझं कंट्रोल एलिमेंट (वरच्या प्रोग्रॅमला ड्रायव्हरमधली किंमत दाखवणारी खिडकी) वाचणारं फंक्शन. बोर्ड ठोका लागला की पॅकेटमध्ये खूण पाठवतो, हँडलर त्यावरून दोन गोष्टी लिहितो, ठोका लागला हा फ्लॅग आणि ठोका कुठल्या फ्रेमला लागला ती जागा. मी आधी फ्लॅग लिहीत होतो आणि मग जागा. त्या दोन ओळींच्या मध्ये वाचणारा आला की त्याला फ्लॅग नवा मिळायचा आणि जागा आदल्या ठोक्याची. वरच्या प्रोग्रॅममध्ये मागचे १० सेकंद धरून ठेवलेले असतात, तो इमानदारीत त्या जुन्या जागेवरून आवाज उचलायचा, तपासायचा आणि निकाल द्यायचा. मामा शब्दशः बरोबर होते, मशीन आदल्याच नगाचा आवाज सांगत होतं.

इथं एक सांगतो आणि हे कळकळीनं सांगतो. केसीसानचा रिपोर्ट आला की लोक वाचण्याच्या जागी रीड वन्स आणि लिहिण्याच्या जागी राइट वन्स लावतात, रिपोर्ट बंद होतो, काम झालं म्हणून पुढं जातात. मीही आधी तेच केलं. रिपोर्ट गेला, चूक तिथंच. कारण रीड वन्स एका व्हेरिएबलचं वाचन अखंड करतो, दोन व्हेरिएबल जोडीनं बदलली पाहिजेत हे त्याला कुठून माहीत असणार. फ्लॅग आणि जागा ही जोडी आहे, ती एकाच लॉकखाली लिहायला आणि वाचायला पाहिजे. केसीसान तुम्हाला जागा दाखवतो, तिथं नेमकं काय तुटलंय ते तुम्हालाच समजून घ्यावं लागतं, आणि रिपोर्ट गप्प करणं इतकं सोपं आहे की हीच मला त्याची सगळ्यात धोक्याची बाजू वाटते.

लॉक घातला तर लगेच लॉकडेप ओरडला. (लॉकडेप म्हणजे लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचंच हत्यार, तो जुना आहे, २००६ पासूनचा, इंगो मोल्नार यांचा, आणि तो डेव्हलपमेंटच्या कर्नलमध्ये कायम चालू ठेवाच.) मी हँडलरमध्ये माझा लॉक धरूनच पिरियड इलॅप्स्ड (एक पिरियड भरला हे अल्साला सांगणारं फंक्शन) बोलावत होतो. ते फंक्शन आतमध्ये स्ट्रीमचा लॉक घेतं, आणि तिकडं ट्रिगर स्ट्रीमच्या लॉकखाली येऊन माझा लॉक मागतो, म्हणजे एकानं हा धरून तो मागायचा आणि दुसऱ्यानं तो धरून हा, दोघंही जागेवर गोठले. लॉकडेपची खुबी ही की प्रत्यक्ष गोठायची वाट बघत नाही, दोन्ही क्रम एकेकदा दिसले की सांगतो. माझा लॉक आधी सोडून मग पिरियड इलॅप्स्ड, एवढा बदल करून तेही मिटलं.

आता केफेन्सबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ मध्ये आलं, हे प्रत्यक्ष साईटवर चालू ठेवण्यासाठी आहे. दर १०० मिलिसेकंदाला एखादं मेमरीचं वाटप निवडून ते पहाऱ्याच्या पानांच्या मध्ये ठेवतो, अशा जागा डिफॉल्टला २५५, मेमरी लागते २ एमबी, स्पीडला धक्का जवळजवळ नाही. फाउंड्रीतल्या मशीनवर मी तो चालू ठेवलाय आणि सगळ्यांनी ठेवावा असं म्हणेन, पण त्याची एक मर्यादा मला उशिरा कळली. तो एका पानापेक्षा मोठं वाटप घेतच नाही, आणि पान ४०९६ बाइटचं. माझा बफर ७६८० चा. म्हणजे मी वर्षभर फक्त केफेन्सच्या भरवशावर बसलो असतो तरी माझी पहिली चूक त्याच्या जाळ्यात कधीच आली नसती. आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये बफर मोठेच असतात, तेव्हा केफेन्स चालू आहे म्हणून कासानची रात्र टाळू नका.

स्टार द्यायचेच तर कासानला पाचपैकी पाच, मेमरी खाऊनसुद्धा, कारण तीन स्टॅकचा तो रिपोर्ट वाचायला कुठलीही पदवी लागत नाही, घेतला कुणी, सोडला कुणी, वापरला कुणी, भांडण मिटलं. केसीसानला चार, एक तारा त्या पहिल्या तासाच्या गोंधळासाठी कापला. केफेन्सला साडेतीन, चांगला राखणदार आहे पण मोठी दारं बघत नाही.

आणि नवीन मंडळींना एक, टेस्टमध्ये नुसतं रेकॉर्डिंग लावून बसू नका, चालू-बंद करा, चालू असताना केबल उपसा, ड्रायव्हर अनबाइंड करून (डिव्हाइसपासून सोडवून) परत बाइंड करा, हजार वेळा, स्क्रिप्टनं. सुरळीत चालणाऱ्या आवाजात या चुका सापडत नाहीत, त्या थांबताना आणि तुटताना सापडतात. माझी केबल उपसायची टेस्ट अजून चालू आहे, काल रात्री डिस्कनेक्टच्या वाटेवर कासानचा आणखी एक रिपोर्ट आलाय, यावेळी ३२ बाइटचा, आज संध्याकाळी गाळ्यावर जाऊन बघतो.